हौशी छायाचित्रकारांचे ठोकताळे : आधार, अटी आणि मर्यादा

प्रस्तावना

छायाचित्रण ही कला, तंत्र आणि विज्ञान यांच्या सीमेवर उभी असलेली विद्या आहे. तिचे औपचारिक शिक्षण घेणाऱ्यांपेक्षा एकमेकांना विचारून शिकणाऱ्यांची संख्या नेहमीच अधिक राहिली आहे. सहलीत, प्रदर्शनात, कॅमेऱ्याच्या दुकानात किंवा महाविद्यालयाच्या छायाचित्रण मंडळात जाणकार हौशी व्यक्ती नवख्याला काही सूत्रे सांगते. 'सूर्य पाठीशी ठेव', 'हात हलत असेल तर शटर जलद ठेव', 'छिद्र लहान कर म्हणजे चित्र स्पष्ट येईल', 'लेन्सवर फिल्टर हवाच', 'पावसाळ्यात कॅमेरा तांदळात ठेव' ही त्यांतील काही सर्वपरिचित सूत्रे होत. प्रस्तुत लेखात अशा सूत्रांना 'ठोकताळे' असे म्हटले आहे.

ठोकताळा म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. तो बहुधा एखाद्या खऱ्या अनुभवातून जन्मलेला असतो. मात्र एका तोंडून दुसऱ्या कानी जाताना त्याच्यातील सूचना टिकते आणि ज्या परिस्थितीत ती खरी ठरली होती ती परिस्थिती गळून पडते. साधन, हवामान किंवा हेतू बदलला की तोच सल्ला चुकीचा ठरू शकतो. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा विषय केवळ छंदापुरता मर्यादित नाही. क्षेत्रभेटीतील वनस्पती, गावाबाहेरची वीरगळ, प्रयोगाची निरीक्षणे यांची छायाचित्रे आज अभ्यासाचा पुरावा म्हणून वापरली जातात. चुकीच्या सल्ल्याने घेतलेले छायाचित्र म्हणजे गमावलेला पुरावा होय. शिवाय विद्यार्थ्याच्या पालकांनी काटकसर करून दिलेले पैसेही अशाच सल्ल्यावर खर्च होत असतात.

उद्दिष्टे

१) हौशी छायाचित्रकारांमधील सल्ल्याच्या देवाणघेवाणीची ऐतिहासिक पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे.
२) प्रचलित ठोकताळ्यांमागील शास्त्रीय आधार व त्यांतील गृहीत अटी स्पष्ट करणे.
३) असा सल्ला देताना व घेताना अध्यापकांनी कोणती दृष्टी ठेवावी, याचा विचार करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीचा तपशील जाहीर झाला. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली. लंडनची तत्सम संस्था १८५३ ची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबई या बाबतीत किती लवकर जागी झाली होती हे कळते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा या संस्थेशी संबंध होता. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ मध्ये निघाल्या.

या संस्था म्हणजे सल्ल्याच्या देवाणघेवाणीची संघटित केंद्रेच होती. त्या काळी कॅमेरा विकत घेऊन भागत नसे. काचेवर किंवा कागदावर रसायने स्वतः चढवावी लागत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडिअन पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन ते धुवावे लागे. इंग्लंडच्या थंड हवेत पुरेसा ठरणारा अवधी हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात पुरत नसे, कारण काचेवरील थर लवकर वाळे. म्हणजे इंग्रजी पुस्तकातील प्रमाण अचूक असूनही येथे ते जसेच्या तसे चालत नसे. आपल्या विषयाचे मर्म या जुन्या अडचणीतच सापडते. सल्ला ज्या हवेत तयार झाला ती हवा त्याच्यासोबत प्रवास करीत नाही.

पुढे फिल्म तयार स्वरूपात मिळू लागली आणि रसायनांची चर्चा मागे पडून प्रकाश, लेन्स आणि शटर यांची चर्चा पुढे आली. १९९९ नंतरच्या दशकात डिजिटल कॅमेरे व्यावसायिकांकडून हौशी लोकांच्या हाती आले. साधन बदलले, पण फिल्मच्या काळातील ठोकताळे मात्र बरेचसे तसेच राहिले. त्यांतील पाच ठोकताळ्यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

ठोकताळा पहिला : 'सूर्य पाठीशी ठेवा'

हा बहुधा सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त सांगितला जाणारा सल्ला आहे. त्याच्याच जोडीला 'सोळाचा नियम' येतो. स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवावे आणि शटरचा वेळ आयएसओच्या व्यस्त ठेवावा, असे हा नियम सांगतो. आयएसओ १०० असेल तर वेळ सुमारे १/१०० सेकंद, २०० असेल तर १/२०० सेकंद. फिल्मच्या वेष्टनावर किंवा आतील चिठ्ठीवर सूर्य व ढगांच्या चित्रांसह हीच माहिती छापलेली असे. सौम्य ढगाळ हवेत एफ/११, ढगाळ हवेत एफ/८ आणि दाट ढगांत एफ/५.६ अशी ती उतरंड होती.

या नियमाला भक्कम आधार आहे. निरभ्र आकाशात सूर्य पुरेसा वर असताना जमिनीवर पडणारा प्रकाश बराचसा स्थिर असतो आणि त्याचे मूल्य सुमारे एक लाख लक्स असते. त्यामुळे प्रकाशमापक नसतानाही अंदाज बरोबर येतो. मात्र यात तीन अटी गृहीत आहेत. सूर्य उगवून व मावळण्यापूर्वी साधारण दोन तासांचे अंतर असावे, वस्तूच्या समोरच्या बाजूवर ऊन पडलेले असावे आणि आकाश खरोखर स्वच्छ असावे. एप्रिल-मे महिन्यांतील धुरकट आकाश डोळ्यांना लख्ख वाटले तरी स्वच्छ असेलच असे नाही. अशा वेळी जमिनीवरील आपल्या सावलीकडे पाहावे. सावलीची कड धारदार असेल तर एफ/१६ आणि कड विरघळलेली असेल तर एफ/११, ही कसोटी अधिक विश्वासार्ह आहे.

प्रश्न उद्भवतो तो 'सूर्य पाठीशी' हा भाग सर्वत्र लागू केल्यामुळे. साध्या पेटी-कॅमेऱ्यात शटर व छिद्र बदलण्यास फारसा वाव नसे. म्हणून समोरून पडणारे, सपाट व भरपूर ऊन सोयीचे होते. परंतु समोरच्या प्रकाशात सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि उठाव नाहीसा होतो. वीरगळ, शिलालेख किंवा लेण्यातील शिल्पपट यांचे छायाचित्र घेताना हाच सल्ला घातक ठरतो. झिजलेल्या शिलालेखाचे अक्षर दगडाच्याच रंगाचे असते. ते वाचता येते ते केवळ खोदलेल्या भागात पडणाऱ्या सावलीमुळे. प्रकाश दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, तिरपा आला तर मिलीमीटरभर खोलीची रेघही उठून दिसते. भर दुपारी किंवा कॅमेऱ्यावरील फ्लॅश लावून घेतलेल्या चित्रात तीच रेघ पुसली जाते. म्हणून अशा कामासाठी सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन साधावे. ते शक्य नसेल तर आरशाने ऊन बाजूने वळवावे, आणि अंधाऱ्या लेण्यात ट्रायपॉड लावून टॉर्चचा प्रकाश एका कडेने टाकावा. प्रकाशाची दिशा बदलून तीन-चार चित्रे घेणे अधिक श्रेयस्कर, कारण एका दिशेने न दिसलेली उभी रेघ दुसऱ्या दिशेने दिसते.

येथेच आणखी एका उलट झालेल्या सल्ल्याचा उल्लेख करावयास हवा. निगेटिव्ह फिल्मवर काम करणारे जुने जाणकार 'सावलीकडे पाहून प्रकाश ठरवा' असे सांगत, कारण निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त प्रकाश सहन करते पण कमी पडलेला प्रकाश तिला भरून काढता येत नाही. डिजिटल सेन्सरचे वर्तन याच्या उलट, स्लाइड फिल्मसारखे असते. उजळ भाग एकदा पूर्ण पांढरा झाला की त्यातील तपशील परत मिळत नाही, सावलीतील तपशील मात्र काही प्रमाणात वर आणता येतो. दोन्ही सल्ले आपापल्या माध्यमात बरोबर आहेत.

ठोकताळा दुसरा : 'शटरचा वेळ लेन्सच्या आकड्याइतका ठेवा'

कॅमेरा हातात धरून चित्र घेताना शटरचा वेळ नाभीय अंतराच्या व्यस्तापेक्षा जास्त नसावा, असा हा नियम आहे. ५० मिलीमीटर लेन्ससाठी १/५० सेकंद आणि २०० मिलीमीटरसाठी १/२०० सेकंद. कारण सरळ आहे. हाताचा कंप म्हणजे कॅमेऱ्याचे अल्पसे कोनीय विचलन. त्या कोनामुळे प्रतिमा जितकी सरकते ते अंतर नाभीय अंतराच्या प्रमाणात वाढते.

यातील दडलेली अट म्हणजे फिल्मचा आकार आणि चित्र पाहण्याची रीत. ३५ मिलीमीटर फिल्मवर सुमारे ०.०३ मिलीमीटरपर्यंतची अस्पष्टता क्षम्य मानण्याचा प्रघात होता, कारण त्या फिल्मपासून काढलेले ८ बाय १० इंचांचे चित्र वाचनाच्या अंतरावरून पाहिले तर ती डोळ्यांना जाणवत नसे. आता हौशी कॅमेऱ्यांत प्रचलित असलेला सुमारे २४ बाय १६ मिलीमीटरचा सेन्सर घ्या. तो फिल्मपेक्षा लहान असल्याने तेवढ्याच चित्रासाठी दीडपट जास्त मोठा करावा लागतो. म्हणून ५० मिलीमीटरसाठी १/७५ सेकंद धरणे योग्य. शिवाय २४ मेगापिक्सेलच्या अशा सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा असतो. ०.०३ मिलीमीटर म्हणजे ३० मायक्रॉन, अर्थात सात-आठ पिक्सेल. संगणकाच्या पडद्यावर चित्र पूर्ण मोठे करून पाहणाऱ्यास ती अस्पष्टता स्पष्ट दिसते. 'नवा कॅमेरा घेतला आणि चित्रे हललेली येऊ लागली' या तक्रारीचे उत्तर अनेकदा येथे असते. हात पूर्वीइतकाच हलतो, मात्र पाहण्याची कसोटी कडक झालेली असते.

याउलट, कंपरोधक यंत्रणेने हा नियम सैल केला आहे. १९९५ मध्ये कॅनन कंपनीने अशी यंत्रणा असलेली लेन्स एसएलआर कॅमेऱ्यासाठी आणली आणि आज ती सर्रास आढळते. मोबाईलमध्ये तर लागोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकत्र केली जातात. परंतु ही यंत्रणा कॅमेऱ्याचा कंप आवरते, समोरच्या वस्तूची हालचाल नव्हे. कबड्डीच्या मैदानावर चढाई करणारा खेळाडू किंवा वाऱ्यावर डुलणारे फूल यांच्यासाठी जलद शटरला पर्याय नाही.

ठोकताळा तिसरा : 'छिद्र लहान करा, चित्र स्पष्ट येईल'

छिद्र लहान केल्याने पुढचे व मागचे दोन्ही स्पष्ट येते, हे खरे आहे. १९३२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदी छायाचित्रकारांनी आपल्या गटाला 'ग्रूप एफ/६४' असे नाव दिले, ते याच स्पष्टतेच्या आग्रहापोटी. त्या नावाचा प्रभाव असा की एफ/२२ म्हणजे उत्तम, अशी समजूत आजही आढळते.

तथापि छिद्र जितके लहान तितके प्रकाशाचे विवर्तन अधिक. बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक लहानशी तबकडी होते. हिरव्या प्रकाशासाठी या तबकडीचा व्यास मायक्रॉनमध्ये सुमारे १.३४ गुणिले एफ-अंक इतका येतो. एफ/६४ ला तो सुमारे ८६ मायक्रॉन, म्हणजे ०.०८६ मिलीमीटर होतो. ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हवरून त्याच आकाराचे चित्र काढले तर ही तबकडी डोळ्यांना दिसण्याच्या मर्यादेजवळच राहते. आता २४ बाय १६ मिलीमीटरच्या सेन्सरवर एफ/२२ घ्या. तबकडी सुमारे ३० मायक्रॉनची झाली, परंतु ८ बाय १० इंचांचे चित्र काढण्यासाठी ती सुमारे साडेबारा पट मोठी करावी लागते. परिणामी कागदावर तिचा व्यास ०.३७ मिलीमीटर होतो आणि चित्र मऊ दिसू लागते. म्हणजे एफ/६४ ला जे साधले ते एफ/२२ ला साधत नाही, कारण मूळ सल्ला मोठ्या निगेटिव्हसाठी होता. लहान सेन्सरवर सर्वसाधारण कामासाठी एफ/५.६ ते एफ/११ ही मर्यादा बरी. त्यापुढे जायचे ते जवळच्या फुलाचे पुंकेसर आणि पाकळी दोन्ही स्पष्ट हवेत, अशा विशिष्ट हेतूनेच.

ठोकताळा चौथा : 'लेन्सवर यूव्ही फिल्टर हवाच'

फिल्म अतिनील किरणांना संवेदनशील असते. डोंगरमाथ्यावर किंवा समुद्रकाठी या किरणांमुळे दूरची दृश्ये धुरकट व निळसर येत. म्हणून हा फिल्टर उपयुक्त होता. डिजिटल सेन्सरच्या समोर मात्र अदृश्य किरण रोखणारी काच सामान्यतः बसवलेलीच असते. त्यामुळे फिल्टरचे मूळ प्रयोजन जवळजवळ संपले आहे. उरले ते केवळ संरक्षण. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणजे स्वस्त फिल्टरच्या दोन पृष्ठभागांवरून सुमारे ८ टक्के. रात्री दीपमाळेचे किंवा रोषणाईचे चित्र घेताना दिव्यांच्या भुतासारख्या दुसऱ्या प्रतिमा दिसतात, त्या बहुधा यामुळेच. सारांश, कोकण किनाऱ्यावरील खारे तुषार किंवा कुस्तीच्या आखाड्यातील माती यांच्यापुढे फिल्टर जरूर लावावा आणि रात्रीच्या दिव्यांपुढे काढून ठेवावा. 'हवाच' आणि 'नकोच' ही दोन्ही टोके येथे टाळावीत.

ठोकताळा पाचवा : 'पावसाळ्यात कॅमेरा तांदळात ठेवा'

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा विषय होय. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांहून अधिक राहते. अशा हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. तिच्या तंतूंतून स्रवणारी द्रव्ये काचेवरील लेप व पुढे काचही खातात. एकदा काच खाल्ली गेली की सफाई करूनही डाग राहतो.

तांदूळ ओलावा शोषतो, हे निरीक्षण चुकीचे नाही. परंतु तांदूळ सभोवतालच्या हवेशी समतोल साधतो. पावसाळ्यात डब्यातील तांदूळ स्वतःच दमट असतो, तो कॅमेऱ्याचा ओलावा काय घेणार? शिवाय त्याचा भुगा लेन्सच्या सांध्यांत जातो. चामड्याच्या पेटीत कॅमेरा ठेवण्याची जुनी पद्धत तर अधिकच अयोग्य, कारण चामडे ओलावा धरून ठेवते आणि बुरशीला खाद्यही पुरवते.

यावर उपाय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पूर्वीपासून आहे. सिलिका जेल दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांशापर्यंत पाणी शोषू शकते. निळे खडे ओलावा घेऊन गुलाबी झाले की सुमारे ११० ते १२० अंश सेल्सियसला तापवून ते पुन्हा वापरता येतात. निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असल्याने ते हाताळताना काळजी घ्यावी व स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागते. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. याखेरीज दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत कॅमेरा नेताना तो बंद पिशवीत अर्धा तास राहू द्यावा, अन्यथा थंड काचेवर बाष्प जमते. तसेच कॅमेरा चार महिने कपाटात कोंडून न ठेवता अधूनमधून वापरावा.

साधनखरेदीचा सल्ला

समजा, एखादा विद्यार्थी विचारतो, 'सर, कोणता कॅमेरा घेऊ?' उत्तरादाखल बहुधा मेगापिक्सेलचा आकडा किंवा एखाद्या कंपनीचे नाव सांगितले जाते. वस्तुतः मेगापिक्सेल चौपट झाले तरी रेषीय तपशील दुप्पटच होतो. ३००० बाय २००० पिक्सेलचे, म्हणजे ६ मेगापिक्सेलचे चित्रही इंचाला ३०० पिक्सेल या प्रमाणाने १० बाय ६.६ इंचांपर्यंत उत्तम छापता येते. म्हणून प्रतिप्रश्न असा हवा : 'तुला कशाचे चित्र घ्यायचे आहे?' वनस्पतींचे बारकावे हवे असतील तर जवळून चित्र घेणारी मॅक्रो लेन्स, शिलालेखांसाठी ट्रायपॉड व टॉर्च, पाणपक्ष्यांसाठी लांब नाभीय अंतराची लेन्स. पुष्कळदा असे आढळेल की हाती असलेल्या साधनाला एका ट्रायपॉडची जोड पुरेशी आहे. हा खर्च वाचवणारा सल्ला कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही. तो अनुभवी शिक्षकच देऊ शकतो.

अध्यापकांची भूमिका

वरील विवेचनावरून ठोकताळे टाकून द्यावेत असे सुचवावयाचे नाही. घाईच्या क्षणी गणित करीत बसणे शक्य नसते, तेथे ठोकताळाच कामी येतो. अपेक्षा इतकीच की सल्ला देणाऱ्याने त्यासोबत तीन गोष्टी सांगाव्यात. तो कशामुळे खरा ठरतो, कोणत्या परिस्थितीत खरा ठरत नाही आणि शिकणाऱ्याने तो स्वतः कसा पडताळून पाहावा. पडताळणी अवघड नाही. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान लावून एफ/५.६ पासून एफ/२२ पर्यंत ट्रायपॉडवरून चित्रे घेतली की विवर्तन डोळ्यांना दिसते. तेच पान हातात कॅमेरा धरून वेगवेगळ्या शटर वेळांना टिपले की स्वतःच्या हाताची मर्यादा कळते. ही मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन चालत नाही. महाविद्यालयीन छायाचित्रण मंडळात अशी एक दुपार घालवली तर ती पाठ करून घेतलेल्या अनेक नियमांपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

निष्कर्ष

१) हौशी छायाचित्रकारांचे बहुतेक ठोकताळे खऱ्या अनुभवावर आधारलेले असून त्यांना भौतिक किंवा रासायनिक कारण आहे.
२) सल्ला पुढे जाताना त्यातील अटी गळतात. फिल्मचा आकार, माध्यमाचा प्रकार, स्थानिक हवामान आणि छायाचित्राचा हेतू या चार अटी विशेष महत्त्वाच्या आहेत.
३) शिलालेख, शिल्पे, वनस्पती इत्यादींच्या नोंदीसाठी घेतलेल्या छायाचित्रांत अटींविना वापरलेला सल्ला अभ्यासाच्या पुराव्याचीच हानी करतो.
४) कारणासह दिलेला व शिकणाऱ्याने स्वतः पडताळलेला सल्ला साधन बदलल्यावरही उपयोगी राहतो, कारण नवी परिस्थिती आली की त्याला आपला आकडा स्वतः बदलता येतो.

१८५४ मध्ये मुंबईत एकत्र आलेल्या हौशी मंडळींना परदेशी प्रमाणे आपल्या हवेत पारखून घ्यावी लागली. साधने पूर्ण बदलली असली तरी ही पारख करण्याची जबाबदारी आजही तशीच आहे, आणि ती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे अध्यापकांच्या हाती आहे.